न हिंदकळता

“कुणाच्या बापाला पटायची न्हाई ही गोष्ट,” असं म्हणूनच सुग्रीव वाघमारे आपली प्रत्येक गोष्ट सुरू करायचा. एसटीत कंडक्टर होता तोवर हे वाक्य तो गाडीच्या पायरीवर उभं राहून टाकायचा, निवृत्त झाल्यावर विहारासमोरच्या ओट्यावर बसून. ते एकदा पडलं की ऐकणारे जवळ सरकायचे. पटणाऱ्या गोष्टी काय, घरोघर असतात. न पटणारी सांगायला माणूस लागतो. पण त्या दिवशी सकाळी अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडून बसस्टँडकडे चाललेल्या रिक्षात त्यानं हे वाक्य मनातल्या मनात म्हटलं, आणि पुढचं काही सुचायच्या आत रिक्षा गतिरोधकावर आदळली. रिक्षा उडाली, सुग्रीव उडाला, आणि त्याच्या उजव्या बरगडीखाली जे होतं तेही उडालं. फक्त ते जरा उशिरानं खाली आलं. चालती बाई थांबली तरी डोक्यावरच्या घागरीतलं पाणी आणखी एक पाऊल चालतं, तसं. सुग्रीवनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि श्वास रोखून कान दिला. फुटण्याचा आवाज कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. फुग्यासारखा असेल, की दुधावरची साय फाटावी तसा, आवाजाशिवायच?

“हनुमान, बाबा, सावकाश घे. काचसामान हाय,” तो म्हणाला. रिक्षावाला हनुमान शाळेत असताना त्याच्याच गाडीनं पास काढून यायचा. त्यानं आरशातून मागं पाहिलं. सुग्रीवच्या हातात पिशवी नव्हती, मांडीवर खोकं नव्हतं, पायात चपलासुद्धा नव्हत्या. “कुठं हाय काच, मामा?” असं विचारून हनुमान हसला. सुग्रीव कंडक्टर काही बोलला की आधी हसून घ्यायचं आणि मग विचार करायचा, ही त्या भागातली रीतच पडली होती. सुग्रीवही हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. हसण्यानं पोट हलतं.

बसस्टँडवर सिमेंटच्या बाकावर तो बसला म्हणण्यापेक्षा त्यानं स्वतःला उतरवून ठेवलं. मग शर्टाच्या बाह्या वर सारून दोन्ही हात नीट पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत, मग उलटे करून पुन्हा. डाव्या हाताच्या पाठीवर सलाइनची सुई चिकटपट्टीसकट तशीच होती. तिच्यावर त्यानं रुमाल गुंडाळला. शर्टाखालून दवाखान्याचा हिरवा झगा डोकावत होता, तो त्यानं पँटीत खोचला. चट्टा कुठं नव्हता. अजून नव्हता. फुटली तर किती वेळात उठतात, हे त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमना विचारलं होतं. “काही मिनिटांतसुद्धा,” त्या म्हणाल्या होत्या. “अंगभर पित्त उठल्यासारखं होतं, खाज सुटते, घसा आवळतो, दाब उतरतो. प्रत्येकाचं होतंच असं नाही. पण होऊ शकतं.” डॉक्टर लोकांचं ‘होऊ शकतं’ हे सगळ्यात वाईट. एसटीत कसं, गाडी येणार नाही असं चौकशीवाल्यानं सांगितलं की माणूस घरी जातो. येऊ शकते म्हटलं की स्टँडवरच म्हातारा होतो.

ते पोटात आहे हे कळलं तेच मुळी चुकून. पावसाळा संपताना त्याच्या उजव्या कुशीत जड जड वाटायचं, जेवलं की दोन घासांतच पोट भरल्यासारखं व्हायचं. सरूबाई, त्याची बायको, म्हणाली, पित्ताचा खडा असंल. मुलगा संजय धरून सोनोग्राफीला घेऊन गेला. तिथल्या अंधाऱ्या खोलीत पोटावर गार चिकट मलम फासून डॉक्टरनं ते यंत्र फिरवलं, एका जागी थांबवलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच आणून थांबवलं. सुग्रीवनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. काळ्या पडद्यावर एक आणखी काळा गोल होता, आणि त्या गोलात बारके गोल, गाभण्या मेंढीच्या पोटात कोकरं असावीत तसे. लिव्हरमध्ये, म्हणजे काळजात, पाण्याची पिशवी आहे, नारळाएवढी. कुत्र्याच्या पोटातल्या जंतापासून होते, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं आयुष्यात मांजराएवढे उंदीर सांगितले होते, पेट्रोल पिणारी म्हैस सांगितली होती, नारायणगडाच्या यात्रेत चुकलेला आपला चष्मा तीन वर्षांनी एका माकडाच्या डोळ्यांवर कसा सापडला हेही सांगितलं होतं. पण कुत्र्याच्या पोटातलं अंडं माणसाच्या काळजात जाऊन पाण्याचा नारळ धरतं, आणि त्या नारळाला आतल्या आत लेकी होतात, एवढी मोठी थाप त्याला कधी सुचली नव्हती. घरी आल्यावर शेजारपाजारचे विचारायला आले. त्यानं खरं ते सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले.

तेव्हापासून तो भरलेल्या भांड्यासारखा वागू लागला. जिना उतरताना कठड्याला धरून, एकेक पायरी. खोकला आला की उशी पोटाशी दाबायची. शिंक आली तर नाक असं दाबायचा की डोळ्यांत पाणी यायचं. कूस बदलायची ती आधी खांदा, मग कंबर, मग पाय, आणि प्रत्येक वेळी मध्ये थांबून आतलं पाणी निवू द्यायचं. खरं तर आत काही हलत नव्हतं. मॅडमनी सांगितलं होतं, पिशवी गच्च भरलेली असते, हिंदकळत नसते. पण त्याला ऐकू यायचं. विहारात रविवारी वंदना चालली असताना, सगळे स्तब्ध बसलेले असताना, त्याला आपल्याच आतून विहिरीत पोहरा टेकल्यासारखा आवाज यायचा, आणि तो डोळे उघडून शेजारच्याकडे पाहायचा, की त्यालाही आला का. ओट्यावर गोष्टी सांगणं त्यानं बंद केलं. ऐकणारा हसतो तेव्हा सांगणाऱ्यालाही हसू फुटतं. आता ते परवडणारं नव्हतं. सरूबाई एकदा जेवताना म्हणाली, “कावून गप गप बसताव? दोन खोट्या गोष्टी तरी सांगा की.” चाळीस वर्षं जिनं त्याच्या गोष्टींना नाक मुरडलं तिनं असं म्हटल्यावर तो जास्तच घाबरला.

ऑपरेशनसाठी भरती झाल्यावर वॉर्डात शेजारच्या खाटेवर तात्याबा नावाचा म्हातारा होता. जन्मभर मेंढरं राखलेला, हातापायांच्या काड्या झालेला. त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं आणि कुशीतून एक नळी बाहेर आलेली होती. नळीच्या टोकाला पिशवी. तो ती पिशवी हातात धरून वॉर्डभर असा हिंडायचा की जणू बाजाराला निघालाय. “ह्या ह्या एवढाल्या निघाल्या,” तो बोटाचं पेर दाखवून म्हणायचा. “द्राक्षं असत्यात ना, तशा. पांढऱ्या. एका ताटलीत ठिवल्या व्हत्या म्हणं. नातवानं फोटू काढलाय.” सुग्रीवनं फोटो पाहिला आणि तोंड फिरवलं. मोबाइलच्या काचेवर, ताटलीत, उकडलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा एक ओला पांढरा पडदा आणि त्याच्या भोवती ती द्राक्षं. तात्याबाला मोठी मजा वाटत होती. जन्मात कुणी त्याचं ऐकलं नव्हतं, आता नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळे ऐकत होते. सुग्रीवला पहिल्यांदा दुसऱ्याच्या खाटेवरून गोष्ट ऐकावी लागली, आणि तीही खरी. तू भ्यालास का, असं त्याला विचारायचं होतं. तो प्रश्न घशापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं.

ऑपरेशनचं मॅडमनी त्याला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. काळजाचं चित्र त्यांनी काढलं ते ताटात कडेला सारून ठेवलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. पोट उघडायचं. काळजाच्या भोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा बांध घालायचा, म्हणजे थेंब जरी सांडला तरी तो पट्टीवर पडावा आणि त्यातला जीव तिथंच मरावा. मग सुईनं आतलं पाणी ओढून घ्यायचं, थेंबही न सांडता. आत मिठाचं पाणी भरून काही वेळ थांबायचं. नंतर पिशवी उघडून आतला पांढरा पडदा अलगद सगळाच्या सगळा काढून घ्यायचा, राहिलेली पोकळी धुऊन पुसून बघायची, नळी ठेवायची आणि शिवायचं. त्याआधी गोळ्या, त्यानंतरही गोळ्या. मॅडम लहान वयाच्या होत्या, केजजवळच्या युसूफ वडगावच्या. बोलताना मध्येच गावाकडचं एखादं अक्षर निसटायचं. त्यांनी हे सगळं अशा सरळ आवाजात सांगितलं की सुग्रीवला ते नीट समजलं. तिथंच सगळं बिघडलं. नीट समजलं नसतं तर त्यानं त्यातून काहीतरी रचलं असतं. थेंबही न सांडता. हे तीन शब्द त्याच्या डोक्यात दिवसभर टपटपत राहिले. ज्या माणसानं तीस वर्षं अंबाजोगाई ते धर्मापुरी रस्त्यावर उभ्यानं चहा प्यायला, त्याला थेंबही न सांडण्याचं मोल कुणी सांगायला नको होतं. आणि थेंब सांडला तर काय होतं तेही कुणी सांगायला नको होतं. ते त्यानं पाहिलं होतं. पाहिलं होतं हे मात्र त्याला मॅडम बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

आज सकाळी नर्सनं त्याला हिरवा झगा घालायला दिला आणि घड्याळ, चष्मा, चपला नातेवाइकांकडे द्यायला सांगितलं. सरूबाईनं चपला पेपरात गुंडाळून पिशवीत घातल्या. मग ती आणि संजय पुढं जाऊन थिएटरच्या दाराशी बसले, म्हणजे ट्रॉली आत जाताना तिला त्याचं तोंड बघायला मिळावं. थोड्या वेळानं ट्रॉली वॉर्डाच्या दाराशी आली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. सुग्रीव म्हणाला, लघवीला जाऊन येतो. खाटेवरचा शर्ट, पँट घेऊन तो मोरीत गेला, झग्यावरूनच कपडे चढवले, आणि मागच्या जिन्यानं खाली. आधी एक पाय, मग दुसरा, थांबून, पाणी निवू देत. पळून जाणारा एवढा सावकाश माणूस त्या जिन्यानं पाहिला नसेल. आता सरूबाई अजून त्या दाराकडे बघत बसलेली असेल, मांडीवर त्याच्या चपला घेऊन. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि त्यानं ते घाईनं बाजूला केलं, कारण छातीत हुंदका आला असता, आणि हुंदक्यानंही पोट हलतं.

फलाटावर त्याच्या गावाकडं जाणारी धर्मापुरीची गाडी लागली. एक तरुण कंडक्टर मुलगी हातातल्या यंत्राच्या कळा दाबत दाराशी उभी होती. यंत्र करकर करून तिकिटाची जीभ बाहेर काढत होतं. ती तिकीट फाडून प्रवाशाच्या हातात ठेवायची, बस्स. सुग्रीव तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे. त्याच्या वेळी ट्रे असायचा, पत्र्याचा, त्यात रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे, आणि तिकीट सुटं व्हायला अंगठा जिभेला लावावा लागायचा. प्रत्येक तिकिटाला. जिभेला, तिकिटाला, जिभेला, तिकिटाला. निवृत्त झाल्यावरही कित्येक दिवस त्याचा अंगठा आपोआप तोंडाकडे जायचा, पेपर उलटताना, पोळी मोडताना. पाळलंय का कुत्रं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा तो नाही म्हणाला होता. मेंढ्या? नाही. शेतात राबता? नाही, आम्ही नोकरदार माणसं. मग कसं झालं कोण जाणे, असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं होतं. त्याला तेव्हा आठवलं नव्हतं. आता इथं, फलाटाच्या कडेला त्या मुलीची कोरडी बोटं बघताना, त्याला डबल आठवला.

डबल म्हणजे कुत्रा. धर्मापुरीला मुक्कामी गाडी घेऊन गेलं की सकाळची पहिली गाडी निघेपर्यंत तो गाडीच्या पायरीशी असायचा. दोनदाच भुंकायचा, म्हणून डबलबेल, म्हणून डबल. सुग्रीव सांगायचा की डबल भुंकल्याशिवाय धुळाजी गिअर टाकत नसे, आणि एकदा डबल आजारी होता तर गाडी दुपारपर्यंत जागची हलली नाही. धुळाजी त्याचा ड्रायव्हर. बारा गावचं पाणी प्यालेला धनगर गडी, आणि त्या कुत्र्यावर दोघांचाही जीव. बाजाराच्या दिवशी देवळाच्या वाटेवरच्या खाटकाकडं बकऱ्याच्या काळजाला पाण्याचे फोड निघाले की गिऱ्हाईक ते घ्यायचं नाही. धुळाजी ते तुकडे मागून आणायचा आणि डबलला हातानं भरवायचा. “खा बे, तुझी दिवाळी,” म्हणायचा. पहाटे थंडीत दोघं आळीपाळीनं त्या कुत्र्याच्या गळ्याखाली, पाठीवर, दाट ऊबदार केसांत हात घालून बोटं शेकायचे. शेपटीच्या बाजूला हात गेला की डबल मागं वळून मनगट चाटायचा. आणि मग पहिला प्रवासी चढायचा, एक घाटनांदूर द्या, आणि सुग्रीव ऊबदार अंगठा जिभेला लावायचा.

त्यानं अंगठा पँटीला पुसला. पुन्हा पुसला. वीस-पंचवीस वर्षांनी. आतमध्ये जणू कुणीतरी हळूच दार लावून घेतलं. म्हणजे धुळाजीलाही ते इथूनच आलं असणार. आपल्याआधी आलं असणार. आपल्याहून मोठं असणार, कारण तो तर तुकडे भरवून हात खाकी पँटीला पुसायचा आणि तंबाखू मळायचा.

वीस वर्षांमागं एका सकाळी, धर्मापुरीहून येताना, घाटनांदूरच्या अलीकडं एक वासरू आडवं आलं होतं. धुळाजीनं करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, वासरू वाचलं, आणि स्टेअरिंगचं चाक धुळाजीच्या पोटात बसलं. लागलं का, असं सुग्रीवनं विचारलं. न्हाई रे, म्हणून त्यानं गाडी पुढं काढली. थोडं गेल्यावर त्यानं मान खाजवली. मग दंड. मग एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं छाती खाजवायला लागला आणि म्हणाला, “वाघमाऱ्या, अंगाला काय झालंय बघ रं.” त्याच्या मानेवर चट्टे उठले होते, लाल, फुगलेले, एकमेकांत मिसळत चाललेले. ओठ सुजले. गाडी एका बाभळीखाली घेऊन त्यानं बंद केली, हँडब्रेक ओढला, सगळं नीट केलं. सुग्रीव तिकिटाच्या ट्रेनं त्याला वारा घालत राहिला, कारण आणखी काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. मागून येणारी जीप थांबवली. पण धुळाजीच्या श्वासाला शीळ लागली होती आणि ती शीळ बारीक बारीक होत गेली. त्याचे डोळे. सुग्रीवनं ते डोळे कुणाला सांगितले नाहीत. तेराव्याला धुळाजीच्या बायकोनं, सुंदरवैनीनं, चार माणसांत विचारलं, कसे गेले ते, तर त्याच्या तोंडातून आपोआप निघालं होतं, वैनी, कुणाच्या बापाला पटायचं न्हाई. आणि गोष्टीत मुंज्या आला होता.

हात खाजला. सुग्रीवनं खाली पाहिलं. डाव्या मनगटाच्या वर, रुमालाच्या कडेला, एक चट्टा होता. गोल, फिकट लाल, मधोमध फुगलेला. एकच होता. तो त्या चट्ट्याकडे बघत राहिला आणि स्टँडवरचा सगळा गलका लांब गेला. कुणीतरी पाणी मागत होतं, कुणीतरी लातूरची गाडी विचारत होतं. त्यानं घसा खाकरून पाहिला. आवळला आहे का? गिळून पाहिलं. गिळताना काहीतरी अडलं, पण ते नेहमी अडतं का आजच, हे आठवेना. डास असेल. बाकाखाली पाणी साचलंय, डास असणारच. एक असेल तर डास. दोन झाले तर. तो दुसऱ्याची वाट बघत बसला. दवाखाना मागं, इथून रिक्षानं थोडकाच. पण त्या वाटेवर तो गतिरोधक होता. गाव पुढं, आणि त्या वाटेवर ती बाभूळ. ह्या बाकावरून कुठल्याच बाजूला न हिंदकळता जाता येत नव्हतं.

“वाघमारे भाऊजी न्हवं का?” असा आवाज आला आणि त्यानं दचकून वर पाहिलं. समोर सुंदरबाईच उभी होती, धुळाजीची बायको, डोळ्यांवर मोतीबिंदूचा काळा चष्मा, आणि तिचा हात धरून तिची सून वनमाला. दवाखान्यात डोळा दाखवून दोघी धर्मापुरीच्या गाडीला निघाल्या होत्या. सुंदरबाई त्याच्या शेजारी टेकली, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. आता लांबचं निर्मळ दिसतंय, असं म्हणाली. आधी सून दारात उभी राहिली तर शेळी का सून कळायचं न्हाई. वनमाला हसली. ती अलीकडेच लग्न होऊन आलेली, सासऱ्याला तिनं फोटोतच पाहिलेलं. ती म्हणाली, “मामा, आमच्या मामंजींची मुंज्याची गोष्ट तुमी लई भारी सांगताव म्हणं. सगळ्या गावाला पाठ हाय, पण तुमच्या तोंडून ऐकाय पाहिजी म्हणत्यात.”

सुग्रीवनं मनगट मांडीखाली दाबलं. त्याच्या डोक्यात त्या वेळी खरं म्हणजे दुसरं काहीच नव्हतं, नुसता तो चट्टा होता, चंद्राएवढा. पण तोंडाला सवय असते. तोंड म्हणालं, “पोरी, कुणाच्या बापाला पटायची न्हाई,” आणि बाकावरचे दोघं-तिघं वळले, यंत्रवाली कंडक्टर मुलगीही दोन पावलं जवळ आली. मग काय, घाटनांदूरच्या अलीकडं पुलावर भल्या पहाटे एक मुंज्या हात करून उभा राहिला, लंगोटी, शेंडी ही अशी गुडघ्यापर्यंत. गाडीत चढला आणि म्हणाला, अर्धं तिकीट द्या, माझी मुंज होऊन आठच दिवस झालेत. सुग्रीव म्हणाला, मरून किती वर्षं झाली ते सांग, तुझं वय आज आजोबाएवढं, फुल तिकीट लागेल. मुंज्या भांडायला उठला. गाडीतले अर्धे प्रवासी मुंज्याच्या बाजूनं, अर्धे महामंडळाच्या. धुळाजी पुढून म्हणाला, दे की रं अर्धं, लेकरू हाय. एवढ्या प्रेमाच्या बोलण्यानं मुंज्या विरघळला आणि धुळाजीजवळ इंजिनच्या झाकणावर जाऊन बसला आणि म्हणाला, मामा, मला मेल्यापासून कुणी लेकरू म्हटलं न्हाई, तुमी माझ्यासंगं चला. धुळाजी म्हणाला, गाडी स्टँडला लावून मग येतो, प्रवासी मधी टाकून येणार न्हाई. आणि त्यानं गाडी घाटनांदूरला आणली, फलाटाला अशी लावली की बोटभर पुढं न्हाई का मागं न्हाई, हँडब्रेक ओढला, वहीवर सही केली, आणि मुंज्याच्या खांद्यावर हात टाकून निघून गेला. सीटवर नुसतं अंग राहिलं. त्या रस्त्यावर आजही पहाटे ड्रायव्हरला डुलकी लागली की कुणीतरी दोनदा भुंकतं, असं सुग्रीवनं शेवटी जोडलं. ते आज नवीन होतं.

लोक हसले, हळहळले. कंडक्टर मुलगी मान हलवत गाडीकडे गेली. वनमालाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. सुंदरबाई दर वेळेसारखी मांडीवर हात ठेवून खाली बघत ऐकत होती. वीस वर्षं तिनं ही गोष्ट लग्नात ऐकली, मौतीत ऐकली, आणि कधी हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. सांगता सांगता सुग्रीव हाताकडे बघायचं विसरला होता. आता गोष्ट संपली आणि भीती जिथं ठेवली होती तिथंच सापडली. मांडीखालून मनगट काढलं तर चट्टा होता तेवढाच होता, एकटा. डास. डासच. ह्या वेळी डास.

मग वनमालानं सहज विचारलं, तुमी इकडं कुणीकडं, मामा, आणि पायांत चपला कावून न्हाईत. सुग्रीवनं एवढं मोठं भूत गाडीत चढवून उतरवलं होतं. हा प्रश्न काय, अर्ध्या तिकिटाचा. मुंज्यासाठी लागलेला श्वाससुद्धा त्याला इथं लागला नाही. तो म्हणाला, “काही न्हाई. पोटात जरा पाण्याची गाठ हुती. गोळ्यांनीच इरघळली. डॉक्टर म्हणले आता कापायचं कारण न्हाई, जावा घरला.”

वनमाला बरं झालं म्हणाली. ह्या गोष्टीत न पटण्यासारखं काही नव्हतं. धर्मापुरीच्या गाडीनं इंजिन सुरू केलं, आणि सुग्रीव आधी खांदा, मग कंबर, मग पाय असा उठायला लागला. तेवढ्यात सुंदरबाईनं त्याचा डावा हात धरला. तिनं तो आपल्या नव्या डोळ्याजवळ नेला, रुमालाची गाठ सोडली आणि आतली सुई, पट्टी, पट्टीवर सुकलेला रक्ताचा ठिपका बघितला. मग त्याच्या पोटाशी पँटीतून सुटलेली हिरवी कड बघितली, मग अनवाणी पाय. हात तिनं सोडला नाही.

“वनमाले,” ती म्हणाली, “रिक्षा बघ. हळू नेणारा बघ.”

“कुणाला, वैनी?” सुग्रीवनं विचारलं. “गाडी लागलीय तुमची.”

“खोटं बोलताव तुमी, भाऊजी,” सुंदरबाई म्हणाली. ती मोठ्यानंच म्हणाली. पुढच्या बाकावरच्यांनी मागं वळून पाहिलं. “मुंज्या तुमी दरसाल उंच करीत गेलात, मी कधी बोलले न्हाई. पर हे न्हाई ऐकून घेनार. लातूरच्या डॉक्टरनं ह्यांनाबी पोट कापायचं सांगितलं हुतं. घरी आले आनि चपला काढता काढता हेच बोलले, ह्याच बोलीत. गोळ्यांनी इरघळली म्हनले.” तिचा अंगठा सुईशेजारच्या त्या चट्ट्यावर दाबून धरलेला होता. “तवा मी खरं धरलं.”